रक्तात जंतुसंसर्ग असताना आलेला लिपिड रिपोर्ट कसा वाचावा

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एक तिशीतला मुलगा माझी वाट पाहत उभा होता. हातात वडिलांचा लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, रिपोर्ट होता. एकूण कोलेस्टेरॉल ९८, एलडीएल ४१, एचडीएल १४, ट्रायग्लिसराइड २१५. "डॉक्टर, आठ वर्षं गोळ्या घेऊनही बाबांचं कोलेस्टेरॉल कधी दोनशेच्या खाली आलं नाही. आज ९८ आहे. एवढी एक तरी गोष्ट चांगली झाली ना?" आदल्या संध्याकाळीच त्यांच्या ब्लड कल्चरच्या दोन्ही संचांत इ. कोलाय जंतू वाढला होता. लघवीच्या मार्गातला संसर्ग रक्तात उतरला होता.

त्याला "नाही" म्हणणं मला जड गेलं, पण म्हणावं लागलं. मी रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम करतो आणि असे रिपोर्ट रोज माझ्या सहीने बाहेर जातात. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली "हवी असलेली पातळी" निरोगी माणसासाठी असते. रक्तात जंतू फिरत असलेल्या माणसाचे आकडे त्या पट्टीवर मोजले की वाईट खबर चांगली वाटू लागते. हा लेख अशा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आहे, तसाच वॉर्डात नव्याने काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठीही आहे. उपचारांचे निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचेच. पण कोणते प्रश्न विचारायचे हे माहीत असलं तर त्यांनाही मदत होते.

खालचे लिपिडचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचा रिपोर्ट मिलिमोल प्रति लिटरमध्ये असेल तर कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला ८८.६ ने गुणा.

पायरी १ : आकडे का हलतात ते आधी समजून घ्या

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. हे कळलं की बाकीचं निम्मं आपोआप कळतं.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त मुख्यतः पाणी आहे. म्हणून शरीर चरबीची ने-आण प्रथिनांत गुंडाळलेल्या बारीक कणांतून, म्हणजे लिपोप्रोटीनमधून, करतं. एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल ही त्या कणांची नावं. आपण त्यांना "चांगलं" आणि "वाईट" कोलेस्टेरॉल म्हणतो ते हृदयविकाराच्या हिशेबाने. संसर्गात हेच कण दुसऱ्या कामाला लागतात.

इ. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास अशा ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये ज्याला एंडोटॉक्सिन हे नाव दिलं, ते हेच विष. त्याचा सर्वांत घातक भाग, लिपिड ए, स्वतःच स्निग्ध आहे. त्यामुळे तो लिपोप्रोटीनच्या कणांत सहज रुतून बसतो. तिथे अडकलं की ते विष रोगप्रतिकारक पेशींना तितकंसं चिथावू शकत नाही, आणि यकृताकडे नेऊन त्याची विल्हेवाट लावता येते. स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंच्या भिंतीतलं लायपोटायकॉइक आम्लही या कणांना चिकटतं. म्हणजे संसर्गाच्या काळात रक्तातले चरबीचे कण विष टिपून घेण्याचं काम करत असतात, आणि त्या कामात खर्चही होत असतात.

त्याच वेळी यकृताचे अग्रक्रम बदलतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ या दाहाच्या संदेशकांच्या हुकमावरून यकृत सीआरपी आणि सीरम अमायलॉइड ए यांसारखी प्रथिनं भराभर तयार करू लागतं. अमायलॉइड ए तर हजार पटींपर्यंत वाढू शकतं. ते एचडीएलच्या कणावर जाऊन बसतं आणि तिथलं मूळचं एपोए-१ हे प्रथिन बाजूला सारतं. उरलेलं एचडीएल संख्येने कमी असतंच, पण त्याची घडणही बदललेली असते. ते कण रक्तातून लवकर बाहेरही जातात.

इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एपोए-१ रक्तात सरासरी चार-पाच दिवस टिकतं. यकृताने एचडीएल बनवणं पूर्ण थांबवलं असं धरलं, तरी एक-दोन दिवसांत पातळी निम्म्यावर यायला नको. प्रत्यक्षात गंभीर संसर्गात ती येते. म्हणजे निर्मिती घटणं हे एकटं कारण नाही. कण खर्च होतात, वेगाने साफ होतात, सैल झालेल्या केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतात, आणि सलाईनने रक्त पातळ होतं ते वेगळंच.

ट्रायग्लिसराइडचं मात्र उलटं असतं, ते चढतं. साठवलेली चरबी वितळून यकृताकडे येते, यकृत तिचे व्हीएलडीएल कण करून रक्तात सोडतं, आणि ते कण फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) मात्र मंदावलेलं असतं. आवक वाढली, उठाव थांबला.

या मंदावण्यामागची गोष्ट मला फार आवडते. १९८० च्या सुमारास अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी ट्रिपॅनोसोमा या परजीवीची लागण झालेल्या सशांचा अभ्यास करत होते. ससे वाळून चालले होते, तरी त्यांचं रक्त चरबीने भरलेलं होतं. लायपेजला बंद पाडणारा कोणीतरी घटक असणार म्हणून शोध सुरू झाला आणि त्या घटकाला कॅकेक्टिन हे नाव मिळालं. १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर आणि सेरामी यांच्या गटाने दाखवलं की कॅकेक्टिन आणि टीएनएफ एकच आहेत. पुढे १९९८ मध्ये बॉयटलर यांच्या गटाने एंडोटॉक्सिन ओळखणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर), टीएलआर-४, शोधला. २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. रक्तातली चरबी का वाढली, एवढ्या प्रश्नाचा माग काढत ही माणसं सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादाच्या, गाभ्यापर्यंत पोचली. म्हणूनच लिपिडचे आकडे या आजारात मला कधीच किरकोळ वाटत नाहीत.

पायरी २ : तपासणी मुळात हवी आहे का?

रक्तात जंतू सापडलेल्या प्रत्येक रुग्णाची पूर्ण लिपिड प्रोफाइल करायची गरज नाही. संसर्ग आहे की नाही, कोणता जंतू आहे, कोणतं अँटिबायोटिक चालेल, यांपैकी कशाचंही उत्तर तिच्यातून मिळत नाही. ते काम ब्लड कल्चरचं. सेप्सिसची तीव्रता मोजायला डॉक्टर जो सोफा गुणांक वापरतात, त्यातही कोलेस्टेरॉल नाही.

मग करायची कधी? रुग्ण प्रोपोफॉल या झोपेच्या औषधावर असेल किंवा शिरेतून चरबीयुक्त पोषण चालू असेल, तर ट्रायग्लिसराइड ठरावीक दिवसांनी बघायलाच हवं. प्रोपोफॉल दोन दिवसांपेक्षा जास्त चालणार असेल तर पहिला नमुना तेव्हाच घ्यावा. स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका असेल तर करायची. प्रयोगशाळेने "सीरम दुधाळ आहे" असं कळवलं तर करायची. आणि हिमोफॅगोसायटिक सिंड्रोमची शंका असेल तर, त्याबद्दल पुढे सांगतो.

"आत्ता दाखल आहेतच, तर कोलेस्टेरॉलही बघून घेऊ" या कारणासाठी मात्र ती करू नये. त्या आकड्यावरून हृदयविकाराचा धोका ठरवता येत नाही, आणि एकदा तो फाइलमध्ये गेला की पुढची दोन वर्षं कुणीतरी त्याचा आधार घेत राहतं.

पायरी ३ : नमुना नीट घ्या

उपाशी असण्याचा आग्रह इथे धरू नका. नळीने किंवा शिरेतून चोवीस तास पोषण चालू असलेल्या माणसाला बारा तास उपाशी ठेवणं चुकीचं आहे. पण नमुना घेताना काय चालू होतं ते मागणीपत्रावर लिहा : कोणतं पोषण, कुठल्या शिरेतून, किती वेगाने.

ज्या हातात किंवा ज्या मध्यवर्ती नळीत प्रोपोफॉल किंवा लिपिडची बाटली चालू आहे, तिथून रक्त घेऊ नका. दुसऱ्या हातातून घ्या. हे प्रत्येकाला माहीत असतं आणि रात्री तीन वाजता प्रत्येकाकडून चुकतं. हजारांच्या घरातलं ट्रायग्लिसराइड अचानक आलं, तर उपचार बदलण्याआधी माझा पहिला फोन वॉर्डला असतो : "रक्त कुठून घेतलं?"

आणि एक क्रम पाळा. कल्चरच्या बाटल्या आधी, बाकीच्या नळ्या नंतर. प्रौढ रुग्णात कल्चरच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं आणि ते शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या मात्रेआधी घ्यायचं असतं. लिपिडच्या नळीसाठी त्यात काटकसर नको.

पायरी ४ : आकड्याच्या बाजूला चार गोष्टी लिहून काढा

एका कागदावर, नमुन्याच्या तारखेसमोर लिहा : आजाराचा कितवा दिवस, तोवर किती सलाईन गेलं, अल्ब्युमिन किती आणि सीआरपी किती. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) मिळाला तर तोही लिहा. या कागदाशिवाय लिपिड रिपोर्ट अर्धवट असतो.

समजा, पहिल्या दिवशी कोलेस्टेरॉल १६० होतं आणि दुसऱ्या दिवशी १२८ आलं, म्हणजे वीस टक्के उतरलं. त्याच वेळात अल्ब्युमिन आणि हिमॅटोक्रिटही साधारण वीस टक्के उतरले असतील आणि मधल्या काळात बरंच सलाईन गेलं असेल, तर ती घट मुख्यतः रक्त पातळ झाल्याची आहे. हिमॅटोक्रिट जागच्या जागी आणि कोलेस्टेरॉल निम्मं, असं असेल तर ती आजाराची घट.

जुना रिपोर्ट घरात असेल तर तो आणा. नातेवाईक करू शकतील असं हे सर्वांत मोलाचं काम आहे. मूळचं कोलेस्टेरॉल २२० असलेल्या माणसाचं ११० झालं आणि मूळचं १२५ असलेल्या माणसाचं ११० झालं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पायरी ५ : एकेक आकडा वाचा

एचडीएलपासून सुरुवात करा, कारण ते सर्वांत लवकर आणि सर्वांत ठळकपणे उतरतं. निरोगी पुरुषात ४० च्या आणि स्त्रीमध्ये ५० च्या वर ते असावं असं आपण म्हणतो. गंभीर सेप्सिसमध्ये वीसच्या खालचे आकडे मी नेहमी पाहतो. इतकं खाली गेलेलं एचडीएल आणि मृत्यूचा जास्त धोका यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. याचा अर्थ डॉक्टरांनी त्या रुग्णावर अधिक बारीक नजर ठेवावी इतकाच. एका माणसाच्या बाबतीत तो आकडा भविष्य सांगत नाही. एचडीएल १२ असताना बरे होऊन चालत घरी गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

एचडीएल घसरण्याचा आणखी एक धागा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी लागणारं संप्रेरक बनवतात ते कोलेस्टेरॉलपासून, आणि त्यासाठीचा बराचसा माल त्या रक्तातल्या लिपोप्रोटीनमधून घेतात. रक्तदाब औषधांनाही दाद देत नसेल आणि कोलेस्टेरॉल अगदीच तळाला असेल, तर कॉर्टिसॉल पुरतं आहे का, हा प्रश्न डॉक्टरांच्या मनात यायला हवा.

एकूण कोलेस्टेरॉल १२० च्या खाली गेलं तर ते कमी समजावं. पण ते फक्त जंतुसंसर्गातच कमी होतं असं नाही. यकृताचा जुना आजार, कुपोषण, थायरॉइडचं अतिरिक्त कार्य, मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, मलेरिया, विषाणूंचे ताप, या सगळ्यांत ते उतरतं. म्हणून "कोलेस्टेरॉल कमी आहे, तेव्हा रक्तात जंतू असणार" असा उलटा तर्क करू नका.

एलडीएलच्या बाबतीत आधी हे विचारा : मोजलेलं आहे की हिशेबाने काढलेलं? बहुतेक ठिकाणी ते १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरायचंच नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण सेप्सिसमध्ये ते ४०० च्या आतही दगा देतं. समजा, एकूण कोलेस्टेरॉल ११०, एचडीएल १५, ट्रायग्लिसराइड ३८०. सूत्राने एलडीएल येतं ११० वजा १५ वजा ७६, म्हणजे १९. ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल, हे गृहीतक निरोगी माणसाच्या कणांवरून आलेलं आहे. आजारात कणांची घडण बदललेली असते. तिथे दहा-पंधराची चूक झाली तरी १९ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी मी रिपोर्टवर हिशेबाचं एलडीएल देत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून उरलेला आकडा, इथे ९५, तेवढाच देतो. त्यात गृहीतक कमी आहे.

ट्रायग्लिसराइड १५० ते ३०० च्या दरम्यान चढलेलं सेप्सिसमध्ये नवलाचं नाही. ग्रॅम-निगेटिव्ह संसर्गात ही चढ जास्त ठळक दिसते असं पूर्वीपासून नोंदलेलं आहे, पण त्यावरून जंतू ओळखायला जाऊ नका. आकडा ४०० च्या पुढे गेला की मात्र आजार एकटा जबाबदार नसतो असं धरून शोध सुरू करा. हजाराच्या पुढे स्वादुपिंडाला धोका असतो.

एका दुर्मीळ पण जिवावरच्या शक्यतेसाठी इथे थांबतो. ताप हटत नाही, अँटिबायोटिक बरोबर असूनही रुग्ण खालावतो आहे, प्लीहा वाढली आहे, पेशींची संख्या घसरते आहे आणि ट्रायग्लिसराइड २६५ किंवा त्याहून जास्त आहे, तर हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिसचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी बेभान होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळतात त्या हिमोफॅगोसायटिक सिंड्रोमचा, विचार करायला हवा. त्याच्या एचएलएच-२००४ या आठ निकषांत चढलेलं ट्रायग्लिसराइड किंवा डेसिलिटरला १५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी फायब्रिनोजेन हा मिळून एक निकष आहे, आणि मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त फेरिटिन हा दुसरा. आठपैकी पाच जुळले तर निदान गृहीत धरतात. सेप्सिसमध्येही यांतले काही निकष जुळतात, म्हणून एका आकड्यावर घाबरू नये. पण फेरिटिन आणि फायब्रिनोजेन पाठवायला उशीरही करू नये.

पायरी ६ : शिरेतून जाणारी चरबी मोजा

मला वाटतं, या लेखातलं सर्वांत जास्त उपयोगी पडेल असं काम हेच. झोपेसाठी दिलं जाणारं एक टक्क्याचं प्रोपोफॉल हे चरबीच्या दहा टक्के मिश्रणात असतं. दर मिलिलिटरला ०.१ ग्रॅम चरबी आणि १.१ कॅलरी. औषधांच्या तक्त्यात ते औषध म्हणून लिहिलेलं असतं, त्यामुळे पोषणाच्या हिशेबात ते सुटतं.

समजा, ६० किलो वजनाच्या रुग्णाला ताशी २० मिलिलिटर चालू आहे. दिवसाला ४८० मिलिलिटर, म्हणजे ४८ ग्रॅम चरबी आणि सुमारे ५२८ कॅलरी. त्याच्या जोडीला शिरेतून २० टक्क्यांच्या लिपिडचे २५० मिलिलिटर, म्हणजे आणखी ५० ग्रॅम. एकूण ९८ ग्रॅम, म्हणजे किलोमागे १.६ ग्रॅमहून थोडं जास्त. पोषणाच्या मार्गदर्शक सूचनांत शिरेतून जाणाऱ्या चरबीची मर्यादा, औषधांतली धरून, दिवसाला किलोमागे १.५ ग्रॅम आहे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर मर्यादेत, एकत्र धरल्या तर बाहेर. आणि हे अशा शरीरात जिथे चरबी फोडणारं विकर आधीच झोपलेलं आहे.

आकडा ४०० च्या वर जाऊन चढतच असेल तर डॉक्टर लिपिडची बाटली कमी किंवा बंद करतात, किंवा झोपेचं औषध बदलतात. साखर आणि स्टेरॉइडकडेही बघतात, कारण अनावर साखर आणि हायड्रोकॉर्टिझोन दोन्ही ट्रायग्लिसराइड वाढवतात. प्रोपोफॉलवर असताना ट्रायग्लिसराइडबरोबर रक्तातली आम्लता वाढली, स्नायूंची इजा दाखवणारं सीके चढलं, हृदयाची गती मंदावू लागली, तर ती प्रोपोफॉल इन्फ्यूजन सिंड्रोमची घंटा आहे. तिथे पुढच्या रिपोर्टची वाट पाहत बसायचं नसतं.

पायरी ७ : सीरम दुधाळ असेल तर बाकीचे रिपोर्टही तपासा

नळी फिरवून बाहेर काढली की एरवी वर पिवळसर, आरपार दिसणारं सीरम असतं. चरबी खूप असेल तर ते ताकासारखं दिसतं, मागे धरलेली अक्षरं वाचता येत नाहीत. ती नळी रात्रभर चार अंशांवर उभी ठेवली आणि सकाळी वर सायीसारखा थर, खाली स्वच्छ द्रव दिसला, तर कायलोमायक्रॉन (जेवणातली चरबी वाहणारे मोठे कण) किंवा बाटलीतली चरबी. थर न धरता सगळंच गढूळ राहिलं तर व्हीएलडीएल. जुनी पद्धत आहे, फुकट आहे, आणि मला ती अजूनही आवडते.

ही साय दुसऱ्या तपासण्या बिघडवते. सोडियम खोटंच कमी येऊ शकतं. सीरममध्ये पाण्याचा वाटा साधारण ९३ टक्के असतो. चरबी वाढली की तो घटतो, आणि मोठी यंत्रं नमुना पातळ करून मोजतात, त्यांना हा फरक कळत नाही. रक्तवायू तपासणारं यंत्र नमुना पातळ करत नाही. म्हणून दुधाळ नमुन्यात सोडियम १२४ आलं तर त्यावर उपाय सुरू करण्याआधी रक्तवायूच्या यंत्रावरचं सोडियम बघा. हिमोग्लोबिन खोटंच जास्त येतं. एमसीएचसी (लाल पेशींतली हिमोग्लोबिनची दाटी) ३६ च्या पुढे गेलेलं दिसलं तर शंका घ्या. स्वादुपिंडाचं विकर अमायलेज खोटंच कमी येऊ शकतं, म्हणजे स्वादुपिंडाची सूज नेमकी तेव्हाच झाकली जाते जेव्हा ती शोधायची असते.

पायरी ८ : आकडा वर आणायला धावू नका

नातेवाईक विचारतात, कोलेस्टेरॉल कमी झालंय तर ते वाढवणारं काही देऊ का? त्यांची तळमळ मला कळते. पण घसरलेलं कोलेस्टेरॉल हा आजाराचा माग आहे, त्याला खायला घालून आजार बरा होत नाही. हा मार्ग मोठ्या चाचण्यांत तपासून झाला आहे. एंडोटॉक्सिन टिपून घेईल म्हणून फॉस्फोलिपिडचं मिश्रण शिरेतून दिलं गेलं. २००९ मध्ये निकाल आले, मृत्यू कमी झाले नाहीत. लिपिड ए ची वाट अडवणारं एरिटोरान हे औषध २०१३ च्या निकालांत अपयशी ठरलं. सेप्सिसमुळे फुप्फुसं निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी देऊन पाहिलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत फायदा दिसला नाही. मूळ संसर्गाचा स्रोत शोधणं, गळू असेल तर निचरा करणं, बाधित नळी काढणं, योग्य अँटिबायोटिक वेळेत देणं, यानेच आकडे वळतात. सीआरपी उतरू लागलं की काही दिवसांनी एचडीएल हळूहळू चढू लागतं. ती चढ दिसली की मला बरं वाटतं.

पायरी ९ : कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काय?

आधीपासून स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णात "एलडीएल ४१ आहे, आता गोळी कशाला" म्हणून ती बंद करणं ही चूक. ती ४१ पातळी गोळीमुळे आलेली नाही. गोळी थांबवण्याची खरी कारणं वेगळी आहेत : रुग्णाला गिळता येत नाही आणि नळीही नाही, यकृताची विकरं खूप चढली आहेत, सीके वरच्या मर्यादेच्या दहापट झालं आहे, किंवा अँटिबायोटिकशी जमत नाही.

या शेवटच्या कारणाकडे नीट बघा. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या रक्तसंसर्गात डॅप्टोमायसिन वापरतात. तेही स्नायूंना इजा करू शकतं, म्हणून ते चालू असेपर्यंत स्टॅटिन तात्पुरतं थांबवण्याचा विचार करतात आणि सीके दर आठवड्याला बघतात. फ्युसिडिक आम्ल पोटातून किंवा शिरेतून चालू असेल तर स्टॅटिन बंदच, आणि शेवटच्या मात्रेनंतर सात दिवसांनीच पुन्हा सुरू. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन असेल तर सिम्व्हास्टॅटिन चालत नाही. रिफॅम्पिसिन उलट बहुतेक स्टॅटिनची रक्तातली पातळी पाडतं. रुग्णाच्या मांड्या, पोटऱ्या दुखत असतील, लघवी चहासारखी काळपट होत असेल, तर परिचारिकेला लगेच सांगा. अंथरुणावर पडून अंग दुखतंय असं समजून सोडून देऊ नका.

पायरी १० : घरी जाताना

आजार ओसरल्यावरही लिपिड मूळपदावर यायला आठवडे लागतात. म्हणून खरी पातळी बघायची तर बरं झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधीचा कोणताही आकडा हृदयविकाराच्या हिशेबात धरू नये.

आणि या मधल्या काळातच सर्वांत जास्त घोटाळा होतो. रक्तातल्या जंतुसंसर्गानंतर काही काळ हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो. नेमकी त्याच काळात, रुग्णालयात थांबवलेली स्टॅटिनची गोळी पुन्हा सुरू करायची राहून जाते. थांबवणाऱ्या डॉक्टरांना वाटतं बाहेरचे डॉक्टर सुरू करतील, बाहेरच्यांना वाटतं काही कारणाने कायमची बंद केली असेल. म्हणून डिस्चार्ज कार्डवर तीन ओळी मागून घ्या : कोणती गोळी किती मात्रेची थांबवली, का थांबवली, कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची. आणि खाली एक चौथी ओळ, "संसर्गाच्या काळातले लिपिडचे आकडे पुढच्या निर्णयासाठी धरू नयेत, पुढची तपासणी अमुक तारखेला."

त्या मुलाला मी हेच कार्डावर लिहून घ्यायला सांगितलं होतं. दोन महिन्यांनी तो वडिलांना घेऊन प्रयोगशाळेत आला. वडील काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. एकूण कोलेस्टेरॉल २०६, एचडीएल ३९. रिपोर्ट हातात घेऊन तो म्हणाला, "पुन्हा दोनशेच्या वर." आणि या खेपेला तो हसत होता. गोळीचा डोस बघायला मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.